वाघर सोडायची वेळ

हॉलमधल्या खुर्च्या पहिल्यांदा जागा सोडून गेल्या, तेव्हा धनश्रीनं सरळ पृथ्वीराजचं नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेणार? कॉलेजच्या चेअरमन बापूसाहेबांचा पोरगा, हॉलची जादा चावी त्याच्या घरात, आणि अंगात किडे तर इतके की तो आला की खडूसुद्धा आपोआप तुटायचा.

"पृथ्वी, खुर्च्या तू ओढल्यास ना?"

"मी?" पृथ्वीराजनं छातीवर हात ठेवला. "अगं, मी घरात स्वतःचं ताट उचलत न्हाई. ह्या लोखंडी खुर्च्या मी कशाला उचलतोय?"

हे मात्र खरं होतं. कारेगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कँटीनमधून टेंपोत भरून आणलेल्या त्या खुर्च्या. एकीला हलवायचं तर फरशीवर असा आवाज व्हायचा की दात शिवशिवायचे. आता त्या सगळ्या उत्तरेच्या कोपऱ्यापुढं ताणलेल्या जाळीला लागून उभ्या होत्या. एकीवर एक रचलेल्या नाहीत, आडव्यातिडव्या पडलेल्या नाहीत. अंगाला अंग लावून, पाठी दाराकडे आणि तोंडं जाळीकडे. आत कुणीतरी आजारी असलं की माणसं दाराशी गोळा होतात ना, तशा.

धनश्रीनं एकेक करून सगळ्या परत गोल टेबलांभोवती लावल्या. मनातून मात्र तिला त्या कोपऱ्याकडे पाठ करावीशी वाटेना.

दोन हजार चार सालची ही गोष्ट. खुटबावच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला असलेल्या त्या छोट्या कॉलेजला विद्यापीठानं संगणक द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. संगणक कुलपात ठेवायचे नाहीत. पोरांनी एकत्र बसून शिकावं अशी जागा करायची. कॉलेजच्या मागं खताचं एक जुनं गोदाम रिकामं होतं, ते मिळालं. संगणक शिकवणाऱ्या सुषमा मॅडम वर्गात म्हणाल्या, "बसणार तुम्ही. मग कसं बसायचं तेही तुम्हीच ठरवा."

तिथंच बसलेल्या बापूसाहेबांचं सगळं आधीच ठरलं होतं. "प्लायवूडचं एकेक खोपट करून द्या एकेकाला. तोंड भिंतीकडं. म्हंजी गप्पा बंद."

आणि मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती धनश्री उठून उभी राहिली. "बापूसाहेब, गप्पा मारल्याशिवाय आम्हाला गणित कळत न्हाई."

वर्ग खो खो हसला. मग बापूसाहेबही हसले, आणि म्हणाले, "बरं बाई, तू काढ नकाशा."

तिनं काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काढलेली रेघ कुणीतरी विटा-फरशीत उतरवणार होतं. मधोमध गोल टेबलं, सगळे संगणक एका वायरनं एकमेकांना जोडलेले. एकानं मांडलेलं गणित दुसऱ्यानं त्याच्या पडद्यावर पुढं न्यायचं. ज्याला एकट्यानं वाचायचं असेल त्याच्यासाठी उत्तरेला शांत कोपरा, तिथंही काही संगणक. आता कोपरा वेगळा कसा करायचा? भिंत घातली तर अंधार. पडदा लावला तर दोन दिवसांत पोरं त्याला हात पुसणार. आणि मग तिला घरच्या माळ्यावरची वाघर आठवली.

धनश्रीचे आजोबा, तात्याबा, तरुणपणी मेंढ्यांच्या खांडामागं हिंडले होते. पुढं मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. राहिली ती वाघर. जाड दोऱ्यांची ती जाळी. मेंढ्या दिवसभर चरायला जात, तेव्हा कोकरांना मुक्कामाच्या तळावर ह्या जाळीत कोंडून ठेवायचं, आणि दिवेलागणीला आया परतल्या की जाळी सोडायची. धनश्रीनं मागितली तेव्हा आई म्हणाली, "ने बाई, माळा तरी मोकळा व्हईल." आईचं लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून ती गुंडाळी कुणी उलगडलेली तिनं पाहिली नव्हती. का, ते कुणाला विचारलंही नव्हतं.

जाळी खुंट्यांवर ताणून बसवली, तेव्हा हॉल असा काही देखणा दिसायला लागला की सुषमा मॅडम नुसत्या उभ्या राहिल्या. "धनश्री, हे पुण्यातसुद्धा कुणाला सुचलं नसतं." त्या रात्री धनश्रीला आनंदानं जेवण गेलं नाही.

आणि आता ह्या खुर्च्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पृथ्वीराजनं जादा चावी स्वतःहून सुषमा मॅडमच्या हातात दिली. तरी सकाळी खुर्च्या जाळीपाशी. त्यानं एक ओढून बघितली, हात झटकन मागं घेतला आणि पँटला पुसला.

"काय झालं?"

"ओली हाय."

वर छप्पर कोरडं होतं. पावसाळा तर अजून लांब.

मग संध्याकाळचं सुरू झालं. पृथ्वीराजनं सगळ्यांना एक युक्ती शिकवली होती: एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवायचा. पडद्यावर एक करडा चौकोन उघडायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं, 'अभ्यास कर माकडा', नाहीतर 'उद्या डबा कोण आणतंय'. त्या दिवशी ऊन उतरलं, ओढ्याकडून गार वारा आला आणि दाराजवळच्या संगणकावर एक चौकोन उघडला. रिकामा. क्षणभर थांबला आणि मिटला. मग शेजारच्या पडद्यावर उघडला. थांबला. मिटला. मग त्याच्या शेजारी. कुणाचाही हात कळफलकावर नव्हता. तो चौकोन एकेका पोरासमोर यायचा, वास घ्यावा तसा थांबायचा आणि पुढं जायचा. हॉलभर ओल्या लोकरीचा वास पसरला. त्यात दुधाचाही होता, नासायच्या आधीच्या दुधाचा.

चौकोन जाळीच्या आतल्या पडद्यांवर काही गेला नाही. तिथं तो पोचतच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ऊन उतरलं की पोरं दप्तरं उचलायला लागली. कुणाला एसटी गाठायची असायची, कुणाच्या घरी पाहुणे. खरं कारण कुणीच बोललं नाही. आणि नेमका तेव्हाच सुषमा मॅडमना निरोप आला: विद्यापीठाची माणसं शनिवारी येणार, तीही संध्याकाळी. रिकामे हॉल आम्ही पुष्कळ बघितलेत, असं ते म्हणाले होते. पोरं बसलेली दिसली तर संगणक इथं राहणार; नाहीतर शिरूरकडच्या दुसऱ्या कॉलेजचा नंबर लागलेलाच होता.

"मग बापूसाहेबांची खोपटी तरी," मॅडम म्हणाल्या, आणि धनश्रीचा चेहरा बघून वाक्य अर्धंच सोडलं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये धनश्री एकटी बसली. मुद्दाम. कुणीतरी बसायलाच हवं होतं. तिच्यासमोर चौकोन उघडला आणि इतरांपेक्षा जास्त वेळ थांबला. तिच्या कोपराला काहीतरी लागलं, ओलं आणि ऊबदार. चौकोन मिटेपर्यंत ती कशीबशी बसून राहिली.

तात्याबा तिला न्यायला रोज कॉलेजच्या फाटकाशी यायचे. आत कधी नाही. म्हातारा सगळीकडे फिरायचा, पण ओढ्याकाठच्या ह्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही. घरात त्याला सगळे तिरसटपणा म्हणायचे. सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून ते उभे होते.

"तोंड का असं उतरलंय?"

"आबा, हॉलमध्ये कुणी बसंना झालंय." मग तिनं खुर्च्यांचं सांगितलं, चौकोनाचं सांगितलं. म्हातारा आधी गालात हसत होता. "आणि एवढी चांगली आपली वाघर लावली होती मी," ती म्हणाली, आणि त्याचं हसणं गेलं.

"कुठली वाघर?"

"माळ्यावरची."

तात्याबांनी सायकल कुंपणाला टेकवली. त्यांनी गोदामाकडे बोट केलं. आवाज फुटला तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"हितंच तळ व्हता आमचा. ह्या गोदामाच्या जागी. मी तुझ्याएवढा असंन. कोकरं वाघरीत, मेंढरं वढ्याच्या पल्याड. हितं आभाळात ढग न्हाई, आन् वर कुठंतरी ढगफुटी झाली. पाणी आलं ते भिंतीसारखं आलं. आमी पल्याड, आया पल्याड, कोकरं अल्याड. पाणी उतरल्यावर आलो तर वाघर तशीच. येक खुटी हाललेली न्हाई. आत मातूर..."

त्यांनी हातानंच हवेत एक सपाट रेघ ओढली.

"आया आल्या. जाळीला तोंड लावून हुब्या ऱ्हायल्या. चारा न्हाई, पाणी न्हाई. दिवं लागायच्या येळंला सोडायची ना वाघर? त्येंला तेवढंच ठावं. बा म्हणला, आता सोडून काय करायचं. खुट्या उपटल्या आन् गुंडाळली. तशीच."

"म्हणजे सोडलीच नाही कधी?"

"न्हाई. उद्या काढ ती, पोरी. म्या भीमेत सोडून येतो."

 धनश्रीचं डोकं नकाशा काढताना जसं पळायचं तसं पळत होतं. खुर्च्या कुठं तोंड करतात. चौकोन कुठं पोचत नाही. "नाही, आबा," ती म्हणाली. "काढली तर ते परत गुंडाळल्यासारखंच होईल. अजून वाट बघत बसतील. ती सोडायला पाहिजे. वेळेवर. आणि ते मला येत नाही, तुम्हाला येतं."

"मी आत येणार न्हाई."

"शनिवारी या," ती म्हणाली, जणू त्यांनी हो म्हटलं होतं.

शनिवारी पोरं आणायचं काम पृथ्वीराजनं केलं. कसं? त्यानं एसटी स्टँडवर उभं राहून सांगितलं, की संध्याकाळी हॉलमध्ये भूत दाखवणार, तिकीट नाही, पण जागा धरायला लवकर या. पार निमोणे गावातली पोरंसुद्धा आली. भूत बघायला का होईना, हॉल भरला. काही गोल टेबलांशी, काही जाळीच्या आत. विद्यापीठाचे दोघे साहेब मागं भिंतीशी उभे राहिले. बापूसाहेब त्यांना फरशीचा भाव सांगत होते.

ऊन खिडकीवरून उतरलं. लोकरीचा वास आला. एका साहेबांनी नाक पुसलं. दाराजवळच्या पडद्यावर करडा चौकोन उघडला, आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. खुर्च्यांचे पाय फरशीवर अगदी हळू कुरकुरले, माणसं बसलेली असतानाच.

दारात तात्याबा उभे होते. चपला बाहेर काढलेल्या. धनश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी उंबऱ्यावरून पाय आत टाकला. मग म्हाताऱ्यानं जीभ टाळूला लावली आणि घशातून मेंढरांना बोलवायचा एक आवाज काढला, लांब आणि पाण्यासारखा हेलकावणारा. तिनं तो जन्मात ऐकला नव्हता. तरी कानांना तो ओळखीचा वाटला.

"सोड," ते म्हणाले.

तिनं खुंटीवरून जाळीचं टोक काढलं. जाळी खाली बसली.

काहीतरी जाळीतून तिच्या पायांजवळून बाहेर गेलं. एक, मग कितीतरी, गार आणि घाईघाईनं. पडद्यांवरचे चौकोन भराभर उघडत मिटत जाळीच्या आत पोचले, शेवटच्या पडद्यापर्यंत. आणि जाळीमागं एकेकटी बसलेली पोरं कुणी न सांगता उठली, खुर्च्या घेऊन बाहेर आली आणि ज्याच्या त्याच्या दोस्ताशेजारी जाऊन बसली. कुणीतरी कुणालातरी एक गणित विचारलं. बघता बघता हॉल बोलायला लागला.

"दिवसा एकेकट्यानं, संध्याकाळी मिळून," मागचे साहेब सुषमा मॅडमना म्हणाले. "जाळी रोज सोडता का?"

"रोज," मॅडमच्या आधी धनश्रीनंच सांगून टाकलं.

"मग यापुढंही वेळ चुकवू नका. संगणक इथंच राहतील." बापूसाहेबांनी लगेच मिशीवर हात फिरवला, जसा काही नकाशा त्यांनीच काढला होता.

एक चौकोन मात्र मिटला नव्हता. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढं तो तसाच उघडा होता. तात्याबा त्याच्यासमोर येऊन थांबले.

"हिचं कोकरू घावलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"मग तळावर अशा मेंढीचं काय करायचं, आबा?"

"दुसरं पिल्लू लावायचं. पुढ्यात बशिवायचं. वास पटंपत्तुर."

धनश्रीनं हॉलकडे एकदा पाहिलं. तिच्या रेघेवर बांधलेला, गजबजलेला, उजेडाचा. मग ती त्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची ओली होती. कोपराशी ऊबदार श्वास आला, मनगटापर्यंत उतरला, तळहातात थांबला. ती हलली नाही. पडद्यावरचा चौकोन मिटला.

पृथ्वीराज मागून वाकला. "कुणाचा निरोप होता गं?"

"इथलाच," ती म्हणाली.

तात्याबांनी सोडलेली जाळी हातावर घेतली आणि उद्यासाठी खुंटीजवळ ठेवली. "येकदा वास पटला की मेंढी दुसऱ्याला धरीत न्हाई," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "उद्याच्याला ह्याच जागी बसावं लागंल, पोरी. परवाबी."

"बसेन की," धनश्री म्हणाली. आणि मूठ तशीच मिटून ठेवली, कारण तळहात अजून ओला होता, आणि कुणीतरी तो अजून हुंगत होतं.