समोरची फळी

सयाजीरावांच्या लॉरीची फळी करवत न लावता कुणी काढली? मी. ताजबीनं. फुशारकी वाटली तर वाटू दे. बारा वर्षं तोंडाला कुलूप घालून बसलेली बाई हाय मी, आता बोलणारच की.

आमच्या घरात बग्ग्यांच्या गाद्या आणि घोड्यांची खोगिरं शिवायचं काम. नाव आमच्या ह्यांचं, कुतुबुद्दीन उस्ताद. हात मात्र माझा. त्यांच्या डोळ्यांत पडदा आला त्याला बारा वर्षं झाली. सुईचं नेढं सोडा, दारातला माणूससुद्धा त्यांना आवाजावरनं कळतो. ते ओट्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे, मी आत बसून शिवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा उस्ताद, काय टाका हाय!" आणि आत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. पण बाईच्या हातचं हाय म्हटल्यावर काम कोण देणार, ह्या भ्यानं दोघंबी गप, डोळे गेल्याचंबी कुणाला कळू दिलं न्हाय.

मग ह्या लॉरीचं आलं. सयाजीराव पेठ वडगावचे, गुळाचे व्यापारी. लढाईवरनं परत आलेली जुनी लॉरी त्यांनी मुंबईतनं आणलीती आणि मलकापूरच्या रस्त्याला लावलीती. हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक रुंद फळी, काळं चामडं चढवलेली, कडेनं पितळी खिळे. साहेब लोक त्याला डॅशबोर्ड म्हणतात. आम्ही समोरची फळी म्हणतो, बग्गीलाबी आणि मोटारीलाबी. त्या फळीमागं इंजिनाला तेल नेणारी नळी फुटली आणि तेल हाकणाऱ्याच्या पायावर गळायला लागलं.

मोटारीचा मिस्त्री पिराजी. बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेला, त्यामुळं जमिनीवर पाय न्हाय. म्हणाला, "फळी कापतो, नळी बदलतो, झालं!" सयाजीराव भडकले. खंडेनवमीला लॉरीची पूजा, सगळी भावकी बघायला येणार, आणि पुढ्यात कापलेली फळी? "न्हाय चालायचं. उस्तादांना बोलवा," म्हणाले.

आता बग्गीची गादी उचलून घरी आणता येते. लॉरी ओट्यावर कशी येणार? ह्यांनी दोन दिवस जेवण धड केलं न्हाय. शेवटी मीच म्हटलं, "चला, मी येते. हाताखाली घरचं माणूस आणलंय म्हणून सांगा. पुढचं मी बघते."

लॉरीच्या शेडात मी पदर खोचून आत चढले तसा पिराजी हसला. "वैनी, हे मोटारीचं काम हाय. वाकळ शिवायची न्हाय."

"वाकळ शिवून दाव आधी," म्हटलं, "मग बोल."

फळीच्या कडा मोकळ्या व्हाव्यात म्हणून आधी गादी काढली. मग दारांच्या आतली चामडी, मग टपाच्या आतलं कापड. आमची रीत अशी, की निघालेला प्रत्येक खिळा जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर टाचून ठेवायचा, ज्या जागचा त्या जागी. परत ठोकताना ज्याचं भोक त्यालाच मिळतं. पिराजीनं आपले स्क्रू एका डब्यात ओतलेते. मी डब्याकडं नुसतं बघितलं. त्यानं डबा पाठीमागं सरकवला.

पण मग मी माती खाल्ली. आमच्या धंद्यात चामड्यातला खिळा कोरडा कधी काढत न्हाईत. ओलं पोतं घालायचं, चामडं मऊ पडतं, खिळा सुटतो, भोक फाटत न्हाय. सासऱ्यांपासनं चालत आलेली रीत. मी फळीवर ओलं पोतं घातलं आणि आम्ही भाकरी खायला बसलो. परत येऊन बघते तर खिळे लोण्यातनं यावेत तसे आले, चामडं अख्खं निघालं. मी खूश! आणि फळी हलवायला गेले तर फळी जागची हलंना.

बग्गीच्या समोरच्या फळीत लाकूड नसतंच. नुसती लोखंडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं चामडं. पाणी पडलं तरी खाली गळून जातं. इथं चामड्याखाली लाकूड होतं. ते पाणी प्यालं, फुगलं, आणि दोन्ही कडंच्या लोखंडी खाचांत गच्च बसलं. आत काय हाय ते न बघता बग्गीची अक्कल मोटारीला लावली मी.

पिराजीनं करवत आणली. "सोडा वैनी. परवा खंडेनवमी हाय."

"हात लावशील तर बघ!" मी म्हटलं. "उद्या सांजपर्यंत फळी अख्खी देते. न्हाय दिली तर तुझी करवत मी स्वतः धरते."

तोंडानं बोलून गेले, पण करायचं काय? आमचे हे फळीवर हात फिरवत बसलेते. हळूच म्हणाले, "ताजबी, घोड्याचा गुडघा सुजला की काय करतो आपण?"

वाळूचा शेक! खोगीर शिवणाऱ्याला घोड्याचं दुखणं शिकावंच लागतं. पंचगंगेची वाळू आणली, शेडाच्या बाहेर चूल मांडली, कढईत वाळू तापवली, पोटल्या बांधल्या आणि लाकडातलं पाणी सुकावं म्हणून फळीवर ठेवत गेले. हाताच्या उलट्या बाजूला सोसंल एवढीच ऊब. जास्त झाली तर लाकूड तडकणार. एक पोटली गार झाली की दुसरी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासनं मी तिथंच. दुपारपर्यंत पाठीचा काटा ढिला झाला, बोटांना फोड आले. पिराजी बराच वेळ लांबनं बिडी ओढत बघत होता. मग बिडी टाकून आला आणि चुलीत लाकडं सारायला लागला. मीबी सारू दिली, बरी सारत होता.

ऊन कलताना फळीनं कट्ट आवाज केला. माझा जीव उडाला, वाटलं तडकली. पण तडकली नव्हती, सुटली होती. मी एक कड धरली, पिराजीनं दुसरी, आणि फळी खाचेतनं अशी सरकत वर आली की मी मोठ्यानं ओरडलेच. एक चीर न्हाय, एक कपची न्हाय! पिराजीनं नळी बदलली. दिवे लागायच्या आत फळी जागेवर, चामडं फळीवर, गादी-कापड ज्याच्या त्या जागी आणि प्रत्येक खिळा आपापल्या भोकात.

सयाजीराव आले. वाकून बघितलं, बोटं फिरवली. "वा उस्ताद! जशीच्या तशी हाय की! पण एका दिवसाचं काम म्हणालाता, दोन लागले?"

पिराजीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "माझी चूक झाली, मालक. मी पाणी जादा घातलं, लाकूड फुगलं."

माझ्या भल्यासाठीच बोलले ते. देवमाणूस हाय. पण मला असा राग आला म्हणून सांगू! फोड आलेले हात तसेच पुढं केले आणि म्हटलं, "खोटं बोलू नका. पाणी मी घातलं. चूक माझी हाय. चूक तुमच्या नावावर गेली तर कामबी तुमच्याच नावावर जाईल. मी देणार न्हाय. दोन्ही माझंच हाय!"

आमचे हे मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, गेलं, घरात येणारं काम ह्या माझ्या जिभेनं घालवलं. मग बघते तर ते हसत होते. "खरं हाय, मालक," म्हणाले, "बारा वर्षं झाली माझे डोळे जाऊन. तुमच्या बग्गीची गादीबी हिनंच शिवलीय."

सयाजीरावांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग फळीकडं, मग परत माझ्याकडं. आमच्या घरातनं त्यांची किती कामं गेली असतील, पण माझ्याशी ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

"बाई," म्हणाले, "नाव काय तुमचं?"

मी सांगितलं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.