तिसरा रकाना

घरांची तपासणी करून अहवाल देणं हा बुद्धभूषणचा व्यवसाय, आणि रविवारी सकाळपासून त्याचं डोकं तापलं होतं. कारण होतं त्याच्याच संघटनेनं पाठवलेला नव्या नियमांचा मसुदा. आजवर अहवालात प्रत्येक गोष्टीपुढे दोनच रकाने असत, 'ठीक' आणि 'सदोष'. आता म्हणे तिसरा हवा, 'तपासले नाही'. शिवाय का तपासलं नाही, तेही लिहायचं. हरकती संध्याकाळपर्यंत कळवायच्या होत्या, आणि भूषणची हरकत दोन पानं झाली तरी संपत नव्हती.

"बसल्या जागी नियम काढायचे, दुसरं काय," काळेवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणेल, बघायचंच नव्हतं तर आलात कशाला? आणि बिल्डर तर पुन्हा दारात उभं करणार नाही."

अण्णासाहेब, त्याचे वडील, खिडकीशी शेंगा सोलत होते. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"आमच्याकडं पास माल हिरव्या खोक्यात, रिजेक्ट लाल खोक्यात," ते म्हणाले. "आन् तपासायचा राहिलेला माल पिवळ्यात. पिवळ्यातला नग हिरव्यात टाकताना कुणी घावला, तर सुपरवायझर लाइन बंद करायचा. तुझा पिवळा खोका कुठं हाय?"

"घर म्हणजे नटबोल्ट नव्हे, अण्णा."

"व्हय की. नटबोल्टात माणसं झोपत न्हाईत."

भूषण चिडून पुन्हा हरकत लिहायला बसला. अण्णांशी वादात जिंकणं त्याला कधी जमलं नव्हतं.

तेवढ्यात विजयश्रीचा फोन आला. महिन्यापूर्वी चिखलीतला तिचा नवा फ्लॅट त्यानंच तपासून दिला होता, आणि त्या अहवालाच्या भरवशावर ती सासूला घेऊन राहायला आली होती.

"सर, बाथरूममधल्या नळाला करंट येतोय. सासूबाई परवापासून सांगत होत्या. तुम्ही वायरिंग ठीक लिहिलंय, म्हणून मीच त्यांना गप्प केलं. आज शॉक बसून पडल्या त्या."

"मेन स्विच बंद करा. नळाला कुणी हात लावू नका. मी निघालोच."

तिथं पोचला तेव्हा सासूबाई, अंबूबाई, कोपराला पट्टी बांधून बसल्या होत्या. भूषणनं गिझरचा बोर्ड उघडला. गिझरमधून गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. टोक वाकवून आत कोंबलं होतं. आणि त्याला तो दिवस लख्ख आठवला. इमारतीला तेव्हा मीटरच बसले नव्हते. वीज नाही, म्हणून त्यानं एकही बोर्ड तपासला नव्हता. "सगळं नवंच आहे राव," बिल्डरचा माणूस म्हणाला होता. दोष दिसला नव्हता, म्हणून 'सदोष' लिहिता येत नव्हतं. मग त्यानं 'ठीक'वर खूण केली होती. न पाहिलेल्या वायरीला त्यानं ठीक म्हटलं होतं!

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "हे मी पाहिलंच नव्हतं."

"मग तसं लिहायचं ना, सर," विजयश्रीचा आवाज चढला. "आम्ही वायरमनला बोलावलं असतं. तेवढंच तर करायचं होतं."

अंबूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "लेकरा, मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

ते ऐकून विजयश्रीनं मान खाली घातली. भूषणला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वायरमनला बोलावलं, आणि अर्थिंग जोडून होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी येऊन त्यानं दोन पानांची हरकत पुसून टाकली आणि लिहिलं, 'तिसरा रकाना हवाच.' मग वीज नसताना तपासलेल्या घरांची यादी काढली. अकरा निघाली. त्यानं पहिला नंबर लावला.

"नमस्कार. तुमचं घर मी तपासलं होतं. तुमच्या घरातले विजेचे बोर्ड मी पाहिलेले नाहीत."

पलीकडून बोलणी बसली. ती ऐकून घेऊन त्यानं पुढचा नंबर लावला. अण्णांनी शेंगदाण्यांची वाटी त्याच्याकडे सरकवली.

वाचकहो, न पाहिलेलं 'ठीक' म्हणून पुढे ढकलायची खोड काही एकट्या भूषणची नाही. उद्या असा कागद तुमच्या हातात आला, तर काय पाहिलं नाही ते आधी विचारा. आणि त्या कागदावर सही तुमची असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका.