एकतीस पावलं

पावलं कोणी ऐकत नाही, असं तुम्ही म्हणालात. काचेपलीकडच्या खोलीत, हातात कॉफीचा कप धरून, प्रक्षेपणाला वीस मिनिटं उरली असताना म्हणालात. आमच्याशी बोलायचं बटण चालू राहिलं होतं, म्हणून ते इकडे स्टुडिओत सगळ्यांना ऐकू आलं. ऑरिन हॅस्कल तेव्हा जमिनीवर बसून मातीच्या पेटीतले मोठे खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी केली. तुमचा चेहरा मी नीट पाहून ठेवला आहे.

तुम्ही लापशीवाल्यांचे माणूस. ओटची लापशी खपावी म्हणून रेडिओवरचा दर शनिवारी दुपारचा अर्धा तास तुम्ही विकत घ्यायचात आणि त्यात 'ड्राय फोर्कचा मार्शल' हे घोड्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याचं नाटक वाजायचं. अकरा वर्षं वाजलं. त्या मार्शलचे पाय म्हणजे ऑरिन, हे तुम्हाला तरी माहीत होतं का? आवाज गॅरेट लंडचा. लंडचं वजन अडीचशे पौंड, आणि घोड्याच्या जवळ गेला की त्याला शिंका येतात. तो मायक्रोफोनसमोर स्टुलाला टेकून बोलतो. चालतात ऑरिन. फळीवर, पायरीवर, मातीत. घोडासुद्धा तेच, नारळाच्या दोन करवंट्या आणि खडीची पेटी घेऊन. मी व्हर्ना, त्यांच्या हाताखालची. दारं, पाणी, बंदुका आणि खोगीर यांचे आवाज माझ्याकडे.

पहिल्याच वर्षी मार्शलच्या डाव्या गुडघ्यात गोळी बसली होती. लेखक ते पुढच्या आठवड्यात विसरला, त्याने मार्शलला एका लग्नात नाचायलाही लावलं. ऑरिन विसरले नाहीत. तेव्हापासून मार्शलचं डावं पाऊल जरा उशिरा पडतं. गोष्टीत बर्फ असला की आणखी उशिरा. एकदा नेब्रास्कातल्या कुणा बाईचं पत्र आलं, मार्शलसाहेबांचा गुडघा थंडीत फार दुखतो का, माझ्या नवऱ्याचंही तसंच आहे. पत्र अर्थातच लंडच्या नावावर. त्यानं ते आणून ऑरिनच्या पेटीवर टाकलं.

"घे रे म्हाताऱ्या. तुझ्या तंगड्यांना प्रेमपत्र आलंय."

"लग्न झालेली बाई आहे, लठ्ठ्या. तूच दे उत्तर."

पण ते पत्र त्यांनी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दर आठवड्याला शेवटी नावं वाचली जायची. मार्शल, गॅरेट लंड. मग बाकीचे नट. मग 'आणि मार्शलचा इमानी घोडा, ब्रिंडल.' हो, तुमच्याच माणसाची कल्पना, पोरांना आवडतं म्हणून. जगात नसलेल्या घोड्याचं नाव अकरा वर्षं वाचलं गेलं. करवंट्या हातात धरलेल्या माणसाचं एकदाही नाही.

ऑरिननी कधी मागितलंही नसतं. पण त्यांची बायको लॉटी तीन वर्षं मनरोव्हियाच्या क्षयाच्या रुग्णालयात पडून आहे. वॉर्डात एक रेडिओ आहे. ती पावलं माझ्या नवऱ्याची आहेत, असं तिनं एकदा शेजारणींना सांगितलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "हो का? माझा नवरा त्या नाटकात पाऊस असतो." सगळा वॉर्ड हसला. त्यानंतर दर शनिवारी रेडिओ लागला की कोणीतरी म्हणायचंच, लॉटी, बघ गं, तुझा आला.

हे ऑरिननी दिग्दर्शक प्रुइटना हसत सांगितलं होतं. प्रुइट हसले नाहीत. मालिका संपायची ठरली, आता ती टेलिव्हिजनवर जाणार, तिथं खरा घोडा आणि बारीक कंबरेचा मार्शल. तेव्हा शेवटच्या भागाच्या शेवटच्या पानावर प्रुइटनी पेन्सिलनं एक ओळ लिहिली. 'आणि गेली अकरा वर्षं मार्शल रीसची पावलं आणि त्याचा घोडा, ऑरिन हॅस्कल.' वाचायला आठ सेकंद. ऑरिननी लॉटीला कळवलं, लॉटीनं अख्ख्या वॉर्डाला.

तालमीत सगळं घड्याळाच्या काट्यावर बसलं. आणि मग तुम्ही आलात, जाहिरातीत एक वाक्य वाढवायचं म्हणून. तेही आठ सेकंदांचं. वेळ कुठून काढू, असं प्रुइटनी विचारल्यावर तुम्ही ते पावलांचं बोललात.

प्रुइट बाहेर आले आणि ऑरिनच्या शेजारी उकिडवे बसले.

"शेवटची चाल कमी करावी लागतेय, ऑरिन. एकतीस पावलं आहेत ना? सतरा कर."

"माझं नाव काढ, संपलं."

"नाव नाही काढणार. सतरा केलीस तर बसतंय."

ऑरिननी हातातला खडा फिरवला. "मार्शलनं आपल्या जुन्या जोडीदाराला स्वतःच्या हुकुमानं फाशी दिलंय. त्या फळ्यांवरून उतरून घोड्याकडे जायचंय त्याला. दुकानातून तंबाखू घेऊन निघाल्यासारखा निघू का?"

"कोणाला कळणार आहे रे?"

"आता तूपण?"

प्रुइटनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लॉटी ऐकतेय ना आज?"

"ऐकतेय."

प्रुइट उठले आणि ऑरिनकडे न बघता मला म्हणाले, "व्हर्ना, सतराव्याला मी बोट दाखवीन. खोगीर वाजव."

खोगीर करकरलं की मार्शल घोड्यावर बसला. त्यानंतर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे ऑरिनचं चालणं कुठं संपणार, ते माझ्या हातात आलं.

"ऑरिन, मी काय करू?" मी विचारलं.

"तुझं काम कर, पोरी," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

लंडचं शेवटचं वाक्य झालं. पुढं शब्द नव्हता. ऑरिन फळीवर निघाले. पाच पावलं, मग तीन पायऱ्या, डावा पाय प्रत्येक पायरीवर रेंगाळत. मग माती. चौदा, पंधरा. काचेमागे प्रुइटचं बोट हवेत गोल फिरायला लागलं, म्हणजे लवकर आटप. सतरा. बोट माझ्यावर रोखलं गेलं. त्यांच्या मागे तुम्ही घड्याळ बघत होतात.

खोगीर मी पोटाशी घट्ट धरलं होतं. चुकूनही करकरू नये म्हणून श्वास रोखला. ऑरिननी माझ्याकडे पाहिलं असतं, जरा मान हलवली असती, तर मी वाजवलं असतं. ते पायांकडे बघत होते. लंड स्क्रिप्ट खाली करून त्याच पायांकडे बघत होता. वीस. एकवीस. पंचविसाव्याला ते थांबले. तालमीत ते कधीच थांबले नव्हते. मार्शलनं वळून मागं पाहिलं, फाशीच्या फळ्यांकडे. दोन सेकंद साऱ्या देशाच्या रेडिओवर काहीही नव्हतं. मग डावं पाऊल पुढं पडलं.

एकतीस. ऑरिननी डोकं हलवलं. मी खोगीर वाजवलं.

मग तुमची लापशी. 'गरम गरम, तीन मिनिटांत तयार.' आणि परत, जरा लाडीगोडीनं, 'हो, फक्त तीन मिनिटांत!' तुमचं वाढीव वाक्य हेच होतं. आधीचंच, दुसऱ्यांदा. मग नावं. लंड. बाकीचे. मार्शलचा इमानी घोडा, ब्रिंडल. निवेदकानं घड्याळाकडे पाहिलं आणि पेन्सिलची ओळ असलेलं पान आवाज न करता तळाला सरकवलं.

ऑरिन करवंट्या पुसत होते. तुम्ही हॅट घालून निघून गेलात.

रविवारी मी त्यांच्याबरोबर मनरोव्हियाला गेले. आठ खाटा. शेजारची ती पाऊसवाली पत्ते लावत बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "काय हो मिस्टर हॅस्कल, नाव काही कानावर आलं नाही. घोड्याचं आलं."

कोणीतरी फिसकन हसलं. लॉटीनं तिकडे पाहिलंच नाही.

"पंचविसाव्याला थांबलास," ती ऑरिनना म्हणाली.

"हं."

"एकतीस झाली. मी मोजत होते."

"तुला सांगितलं होतं ना, नाव येईल म्हणून. तू इथं सगळ्यांना..."

"बस खाली. पाय आखडलाय तुझा."

ते बसले. लॉटीनं पांघरुणातून हात घालून स्वतःच्या पायाशी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी ओढून काढली आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली. पत्तेवालीचा हात पत्ता धरून तसाच राहिला. ती त्या गुडघ्याकडे बघत होती. मार्शलचा डावा पाय तिला ओळखू आला असावा, पण बाकीच्या सहा खाटांवर लॉटी अजून खोटारडीच आहे.

मी खोगीर सतराव्याला वाजवलं असतं तर ती खरी ठरली असती. हे घेऊन मी झोपते आणि उठते. तुम्ही कशावर झोपता?

मी तुमच्या कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यानंतर लापशीचा एक डबा फुकट आला, बरोबर आभाराचं छापील कार्ड. डबा न उघडता परत पाठवते आहे. त्यावर ऑरिन हॅस्कल हे नाव लिहिलं आहे, मोठ्या अक्षरांत, वाचायला जड जाऊ नये म्हणून.

तीन मिनिटांत तयार हे लोकांनी एकदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकवून तुम्ही काय मिळवलंत? कार्ड नको. सही करून उत्तर पाठवा.