कोबीच्या पिंपातली पहाट

मित्रांनो, आंबलेल्या कोबीचा वास आला तर नाक मुरडू नका. तो माझाच आहे आणि या वयात आता जायचा नाही. मी ओकच्या लाकडाचं एक जुनं पिंप आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या फळ्या तासल्या, विस्तवावर वाकवल्या आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. मग मी रोडोपी डोंगराच्या पायथ्याशी, स्तोइन्काबाईंच्या घरी आलो.

दर नोव्हेंबरात त्या माझ्यात कोबीचे गड्डे रचायच्या, वर मिठाचं पाणी ओतायच्या आणि हिवाळाभर घर पोसायच्या. शेजारणी कोबी चाखून वाहवा करायच्या. ती वाहवा माझी होती. स्तोइन्काबाईंना ती त्यांची वाटायची. मी कधी वाद घातला नाही.

अंगणाच्या टोकाला त्यांच्या नवऱ्याने छोटी डेअरी घातली होती. दही आणि खारवलेलं पांढरं चीज. नवरा गेल्यावर मुलगा कामेन आणि सून इलियाना ती चालवू लागले. दूध यायचं वरच्या गावातून. वेल्कोकाका पहाटे साऱ्या गावाचं दूध आपल्या खटारा गाडीत घालून आणायचे. कामेन फाटकात कॉफीचे दोन पेले घेऊन उभा असायचा. कुणाची गाय आजारी, कुणाचा जावई रुसलेला, अशा गप्पा चालायच्या. डेअरीचं निम्मं काम त्या गप्पांत उरकायचं, पण तसं ते कुणाला दिसत नसे.

मग कामेन राजधानीत, सोफियाला, उद्योजकांच्या शिबिराला जाऊन आला. यशस्वी माणसाची सकाळ कशी असावी, हे तिथे एका गृहस्थांनी शिकवलं. पहाटे उठायचं. फोनला हात लावायचा नाही. बर्फासारख्या पाण्यात बसायचं. मौन पाळायचं. मग आयुष्याची ध्येयं लिहायची. ते गृहस्थ स्वतः पहाटे उठून कसला धंदा करतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कामेनने मला तळघरातून अंगणात आणलं आणि माझ्यात विहिरीचं पाणी भरलं.

"अरे, हे कोबीचं पिंप आहे!" स्तोइन्काबाई ओरडल्या.

"आई, मोठमोठे उद्योजक पहाटे थंड पाण्यात बसतात."

"का? त्यांच्या घरी पाणी तापत नाही?"

"त्याने मन कणखर होतं."

"तुझ्या बापाचं मन कणखरच होतं. तो कोरडा असायचा."

मित्रांनो, मी पुष्कळ कोबी पाहिला आहे. कोबी पाण्यात पडला की गप्प बसतो. कामेन आधी किंचाळायचा आणि मगच मौन धरायचा. फोन त्याने वेळेचं कुलूप असलेल्या एका डबीत टाकलेला असायचा. ती नऊच्या आधी उघडत नसे.

दूध मात्र आपल्याच वेळेला यायचं. ते आता इलियाना एकटीच उतरवून घ्यायची. कॉफी बंद झाली.

"कामेन कुठाय?" वेल्कोकाकांनी विचारलं.

"पिंपात आहे, काका."

"आंबायला घातलाय का?"

इलियाना हसली नाही. "काही निरोप आहे का?"

काकांनी टोपी काढली. नदीपलीकडच्या मोठ्या डेअरीने हिवाळ्याचं सगळं दूध मागितलं होतं. संत दिमितारचा सण तीन दिवसांवर आला होता. आमच्याकडे त्या सणाला हिवाळ्याच्या देण्याघेण्याचे शब्द दिले जातात आणि वसंतात संत गेओर्गीच्या सणापर्यंत ते कुणी मोडत नाही. "गाव मला विचारतंय," काका म्हणाले. "मला कामेनच्या तोंडून ऐकायचंय."

"नऊनंतर याल?"

"नऊला मी गायींमागे असतो, पोरी."

इलियानाने नवऱ्याला सांगितलं. "अगं, काका कुठे जातायत!" तो म्हणाला. "बाबांच्या वेळेपासूनचे आहेत ते." आणि 'दूधवाल्यांशी नातं दृढ करणे' हे त्याने ध्येयांमध्ये लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा थांबले. तिसऱ्या दिवशीही. इलियाना आता नवऱ्याशी धड बोलत नव्हती. वरच्या गावाचं दूध गेलं तर डेअरीत उरणार काय, हे तिला दिसत होतं.

सणाची पहाट उजाडली. वेल्कोकाका कॅन न उतरवता, टोपी हातात धरून सरळ माझ्यापाशी आले. कामेन गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून, मौनात.

"कामेन, शेवटचं विचारतो. न विचारता जाणं मला बरं वाटत नाही, तुझ्या बापाचं मीठ खाल्लंय. आम्ही नदीपलीकडे जाऊ का? नाही म्हणालास तर गाव तुझ्याच दारात येत राहील."

कामेनने डोळे उघडले. मित्रांनो, तुमच्याकडची रीत मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे 'नाही' म्हणायला मान वर उडवतात आणि 'हो' म्हणायला आडवी हलवतात. त्याला मान वर उडवायची होती. माझ्या फळ्यांना त्याची धडपड कळत होती. पण थंडीने दात वाजत होते आणि मान नुसती आडवी थडथडत होती. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.



"बरं," काका हळूच म्हणाले. "एवढ्या जोरात हो म्हणायची गरज नव्हती."

त्यांनी टोपी घातली. कामेन मौन मोडून ओरडला तेव्हा गाडी वळणापार गेली होती. तो पंचा गुंडाळून फाटकापर्यंत धावला. फोन डबीत. स्तोइन्काबाईंनी डबीवर वरवंटा घातला. डबी फुटली, फोनही फुटला.

दुपारी तो वरच्या गावी जाऊन आला आणि माझ्या कडेला टेकून इलियानाला सांगू लागला.

"म्हटलं, काका, मी थंडीने हलत होतो!"

"मग?"

"म्हणाले, मी चार दिवस विचारतोय, तू एकदाच उत्तर दिलंस. नदीपलीकडे हात मिळवून झालाय. संत गेओर्गीच्या सणाला ये. आणि कपडे घालून ये."

 इलियानाने आत जाऊन रिकामी कढई पुन्हा एकदा घासली.

त्यानंतर माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पाणी माझ्यात तसंच राहिलं. एका पहाटे त्यावर बर्फाची साय धरली आणि माझ्या फळ्या करकरू लागल्या. पाणी पुरतं गोठलं की पिंप उभं फुटतं. पण ज्या घरातलं दूध गेलं, तिथे पिंपाचं रडगाणं कोण ऐकणार?

कामेन हल्ली पहाटे फाटकात उभा असतो, कॉफी घेऊन. वेल्कोकाकांची गाडी तिथूनच नदीकडे जाते. पहिले काही दिवस ती थांबली नाही. आज थांबली. काकांनी इंजिन चालूच ठेवून पेला हातात घेतला. दुधाचा विषय दोघांनीही काढला नाही.

"त्या पिंपातलं पाणी सोड," काका म्हणाले. "फुटेल ते."

कामेनने आपला पेला तिथेच जमिनीवर ठेवला, धावत आला आणि बोटं सोलून निघेपर्यंत माझ्या तळाचं गोठलेलं बूच ओढत राहिला. पाणी अंगणभर वाहिलं. ते सरेपर्यंत काका थांबले. मग साऱ्या गावाचं दूध घेऊन नदीपलीकडे निघून गेले.

मित्रांनो, पहाटे अवश्य उठा. वाटल्यास पाण्यातही बसा. पण दारात कुणी टोपी हातात धरून उभं असेल, तर आधी बाहेर या, अंग पुसा आणि त्याला काय हवं ते विचारा. वसंत यायला अजून फार दिवस आहेत, आणि मान वर उडवायचा सराव कामेन रोज करतो आहे.