फ्रान्सची फुलदाणी आणि तुळशीचं लग्न

पूर्वरंग संपत आला होता. झांजा थांबल्या होत्या, पेटीचा नुसता सूर धरलेला होता, आणि बुवा डोळे मिटून हलक्या आवाजात नाम घेत होते. अशा वेळी समोर बसलेल्या माणसाचं मन न सांगता निवत जातं. लक्ष्मीकांत दिघ्यांचं काही निवेना. त्यांनी मांडी बदलली, चष्मा पुसला, परत मांडी बदलली.

"मुंग्या चावतायत का?" शेजारी बसलेल्या वसुधाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हळूच विचारलं.

"नाही गं."

"मग बसा ना चुपचाप. लोक बघतायत."

लक्ष्मीकांत मात्र बघत होते बुवांच्या पायांशी. तिथं समईच्या बाजूला एक फुलदाणी ठेवलेली होती. गुडघ्याएवढी उंच, काळी, जराही चमक नसलेली. अंगावर खरवडून काढलेले मासे, आणि रुंद तोंडाच्या आतून डोकावणारा लिंबासारखा पिवळा रंग. त्यात कोणीतरी शेवंतीची ओंजळभर फुलं खोचली होती.

अन्नपूर्णा भागातल्या या छोट्या दत्तमंदिरात दर कार्तिकात कीर्तनाचा सप्ताह होतो. लक्ष्मीकांत इतकी वर्षं येत होते, पण ही फुलदाणी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. आणि पाहताक्षणी ओळखली, निदान ओळखल्यासारखं वाटलं. दक्षिण फ्रान्समध्ये वालोरिस नावाचं कुंभारांचं गाव आहे. महायुद्ध संपल्यावर तिथली चाकं पुन्हा जोरात फिरू लागली, आणि पन्नास-साठच्या दशकातल्या त्या भांड्यांच्या मागे आज जगभरचे शौकीन लागलेले असतात. वीज मंडळातून रिटायर झालेले आपले लक्ष्मीकांत त्यांतलेच एक. एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा त्यांनी छत्र्या ठेवायला म्हणून एक भांडं उचललं, कोणीतरी सांगितलं की हे फ्रान्सचं आहे, आणि तेव्हापासून हे वेड. घरातल्या काचेच्या कपाटातले चांगल्या कपबशा माळ्यावर गेल्या नि फुलदाण्या खाली आल्या. वसुधाताई म्हणायच्या, "एकीतही फूल नाही. असल्या कसल्या फुलदाण्या?"

पण अशा भांड्याचं मोल तोंडावर नसतं, बुडावर असतं. मातीचा रंग कोणता, झिलई कुठवर आली आहे, आणि मुख्य म्हणजे ओल्या मातीत हातानं कोरलेली सही आहे की नाही. ते उलटं करून पाहिल्याशिवाय काही खरं नाही. आणि देवापुढची, फुलांनी भरलेली फुलदाणी कीर्तन चालू असताना उलटी कशी करणार?

उत्तररंगात बुवांनी असं आख्यान लावलं की बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. लक्ष्मीकांतांना त्यातला एक शब्द कळला नाही.

आरती झाली, बुक्का लागला, प्रसादाचे द्रोण फिरले, आणि ते गर्दीतून थेट मंगलाकाकूंपाशी पोचले. मंदिराची फुलांची सेवा काकूंकडे होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही.

"काकू, ही फुलदाणी कुणाची?"

"माझीच की. सासूबाईंची. सासरे मिलमध्ये होते ना, तेव्हा फ्रान्सचा एक साहेब मशीन बसवायला आला होता. परत जाताना त्याची मेमसाहेब ही देऊन गेली. आमच्याकडे आजपर्यंत त्यात लाटणी नि झारे होते." काकू हसल्या. "या वर्षी तुळशीचं कन्यादान मी घेतलंय. म्हटलं, तुळस यातच लावू. तोंड रुंद आहे, वजनदार आहे, वाऱ्यानं पडायची नाही. सोमवारी पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात नेऊन बुडाला भोक पाडून घेते. पाणी निघायला नको?"



"एक मिनिट बघू?" असं म्हणत त्यांनी शेवंती बाजूला काढली, पाणी ओतलं आणि फुलदाणी उलटी केली. गुलाबीसर माती. मधोमध सही, आणि खाली गावाचं नाव, टोकदार काडीनं घाईघाईत कोरलेलं.

"काही लिहिलंय का रे?"

आता खरं सांगायचं, तर सांगायला एक श्वास पुरला असता. पण त्या एका श्वासात त्यांना आपलं कपाट दिसलं, मधल्या खणात ही, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या दोन बाजूंना.

"कारखान्याचा शिक्का असतो तसा," ते म्हणाले. "साधीच आहे. पण काकू, भोक कशाला पाडता? तुळशीला मी दगडी वृंदावन आणून देतो, कोरीव. ही माझ्याकडे राहू दे. माझ्याजवळ अशीच दोन-चार आहेत."

काकूंचे डोळे भरून आले. "माझ्या लेकीसाठी तू वृंदावन देतोस? देव तुझं भलं करो बाबा. घेऊन जा हिला आत्ताच."

लक्ष्मीकांतांनी ती जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणली. कपाटाचा मधला खण रिकामा केला. ठेवली. लांबून पाहिली. जवळून पाहिली. मग सरकवून जरा डावीकडे केली. जेवताना दोनदा उठून पाहून आले.

"आज आख्यान कशावर होतं?" वसुधाताईंनी विचारलं.

लक्ष्मीकांत वरणात बोट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडवाल्याकडे वृंदावन सांगून टाकलं आणि संध्याकाळी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. बुवांनी नारळ वाढवला, अभंग धरला, आणि मध्येच थांबून म्हणाले, "मंडळी, आपल्यात एक सज्जन बसले आहेत. मंगलाबाईंनी मला सांगितलं. तुळशीमाईसाठी दगडी वृंदावन देतायत, आणि बदल्यात घेतलं काय, तर स्वयंपाकघरातलं एक जुनं भांडं. लक्ष्मीकांतराव, पुढे या."

आपल्याकडे कीर्तनकाराच्या हातचा हार म्हणजे लहान गोष्ट नव्हे. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातला हार तो. तो दुसऱ्याच्या गळ्यात पडतो तेव्हा लोक त्या माणसाला वाकून नमस्कार करतात. तसे ते करूही लागले. एका म्हातारबुवांनी तर पायाला हात लावला. लक्ष्मीकांतांना वाटलं, हार काढून पळत सुटावं. पण हार काढायला हात वर जाईना, आणि गळ्यात तर तो खाजत होता.

 परतताना लाल दिव्यापाशी स्कूटर थांबली तेव्हा मागे बसलेल्या वसुधाताई म्हणाल्या, "काकू म्हणाल्या, बुडाला शिक्का आहे. कोणत्या कारखान्याचा हो?"

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले.

सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीत वाजत होतं, तेव्हा लक्ष्मीकांत चादरीतलं गाठोडं घेऊन काकूंच्या दारात उभे होते. आंघोळ झाली होती, चहा झाला नव्हता.

"काकू, मी तुम्हाला खोटं बोललो. हा शिक्का नाही, सही आहे. ही नामी चीज आहे. परदेशात लोक हिच्यासाठी वाट्टेल ते मोजतील. मला ती पाहिजे होती म्हणून मी साधी आहे म्हटलं."

काकू पोहे निवडत होत्या. हात थांबला. त्यांनी आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग लक्ष्मीकांतांकडे.

"आणि काल हार घालून घेतलास."

"हो."

"जड होता?"

"फार."

"असू दे. बस. चहा घे." चहा ठेवून त्या बाहेर आल्या, फुलदाणी चादरीतून काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असावी अशी नीट पाहिली. माशांवरून बोट फिरवलं. "म्हणजे भारी आहे म्हणतोस."

"फार भारी. विकायची असेल तर मी खरं गिऱ्हाईक शोधून देईन, मध्ये मी नाही. मंदिराचं छप्पर होऊन जाईल."

"छपराला वर्गणी होते रे." काकूंनी पोह्यांचं सूप बाजूला ठेवलं. "सोमवार आजच ना? चल मग पोलोग्राउंडला."

"काकू, भोक पाडलं तर हिचं मोल संपलं."

"लेकीला दागिना घालतो तो काय पुढे विकता यावा म्हणून? मला वाटत होतं, लाटण्याचं भांडं देतेय लेकीला. रात्री ते जीव खात होतं माझा. तू दगडी म्हणालास तेव्हा सुटले असं वाटलं. आता तू म्हणतोस की माझ्या घरातच सगळ्यात भारी हेच आहे. मग दुसऱ्याचं कशाला देऊ?" त्यांनी पदर खोचला. "त्या दगडवाल्याला फोन करून नको म्हण. आणि येतोस का बरोबर? मला हे सांभाळून धरता यायचं नाही."

लक्ष्मीकांत आढेवेढे घेऊ पाहत होते. घेता आले नाहीत.

पोलोग्राउंडला जयेशचं वर्कशॉप. संगमरवर, फरशी, लोखंड, जे आणाल त्याला तो भोक पाडून देतो. त्यानं फुलदाणी हातात तोलली आणि मोठं ड्रिल उचललं.

"हॅमर बंद करा भिया, ठोके नकोत," लक्ष्मीकांत घाईनं म्हणाले. "काचेला लावता तो बिट लावा. आणि पाणी टाकत राहू."

"हओ," जयेश इथल्या माळवी हिंदीत म्हणाला, "पण क्रॅक आली तर अपनी जिम्मेदारी नी."

वाळूच्या पोत्यावर फुलदाणी उलटी ठेवली. लक्ष्मीकांतांनी ती दोन्ही हातांनी कवेत धरली. जयेशनं टोक बरोबर मधोमध, सहीवर टेकवलं.

"काकू, भोक जरा सहीच्या बाजूला घेऊ?" लक्ष्मीकांत म्हणाले. " पाणी निघेल तरी. एका अंगाला पाचर लावू, कलती राहील."

"घे ना. ज्यानं केली त्याचं नाव कशाला पुसायचं."

ड्रिल सुरू झालं. फुलदाणी त्यांच्या छातीशी थरथरत होती, दात वाजत होते. काकू लोटीतून पाण्याची धार धरून होत्या आणि ओठांतल्या ओठांत नाम चाललं होतं. गुलाबी गाळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग एकदम जोर सुटला आणि टोक आरपार गेलं. तडा नाही. लक्ष्मीकांतांनी दोनदा फिरवून पाहिलं. तडा नव्हता.

रिक्षात फुलदाणी त्यांच्या मांडीवर होती. काकू लग्नाचं बोलत होत्या: ऊस कोण आणणार, आवळे-चिंचा कुठून, बुवांना मंगलाष्टकं म्हणायला सांगायचं. लक्ष्मीकांत हो हो करत होते आणि अंगठ्यानं भोकाची कड चाचपत होते. आतून, बाहेरून, परत आतून. मांडी बदलली.

"आता काय चावतंय?" काकू म्हणाल्या.

"कड धारदार राहिलीय काकू. खाली मुळं येतील ना, ती कापली जातील."

"मग?"

लक्ष्मीकांतांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"भिया, वापस पोलोग्राउंड. जरा घासून घ्यायचंय."