आत्याच्या गारा

"अकरा वर्षांनी आत्याकडं चाललात आणि न्यायला काय, तर रिकामी पिशवी!" बायको दारात उभी राहून म्हणाली.

"पिशवी खिशात आहे. कुणाला दिसणार नाही," मी खेकसलो.

"तुमच्या तोंडावर दिसते ती. खिशाचं काय घेऊन बसलात?"

खरं बोललेलं मला सकाळच्या पारी सोसत नाही. चप्पल अडकवली आणि तरातरा गाडी गाठली.

ती पिशवी वडिलांच्या वेळची. जाड कापडाची, तोंडाशी नाडी असलेली. तिच्यात कांद्याच्या बियाशिवाय दुसरं काही कधी भरलं नाही. कांद्याचं बी मोठं नाजूक. सालभरात त्याचा दम संपतो, दुसऱ्या साली पेरलं तर निम्मंही उगवत नाही. म्हणून ते दरसाल नवं धरावं लागतं. चांगले निवडक कांदे परत जमिनीत लावायचे, त्यांना पांढरे गोंडे येतात, ते वाळले की हातानं चोळायचे. वडिलांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्यानं, याची पाळी लावून घेतली होती. एक साल बी आमच्या रानात, एक साल तिच्या. ज्याची पाळी असेल त्यानं निम्मं दुसऱ्याला नेऊन द्यायचं. तिचं घर दोन गाड्या बदलून जायच्या अंतरावर, पण बियाच्या निमित्तानं वर्षाला एक भेट ठरलेली. दोन्ही घरी एकच वाण, पुढचा मोसम येईपर्यंत साठवणीच्या चाळीत न सडणारा.

वडील गेले त्याच्या पुढच्या साली पाळी आमची होती. जायच्या आधी त्यांनी बियाचे कांदे निवडून माळ्यावर ठेवले होते. व्यापाऱ्याचा ट्रक दारात आला, अजून चार पोती हवीत म्हणाला, आणि मी माळ्यावरचेही त्याच्या पोत्यात ओतून मोकळा झालो. दुकानात चकचकीत डब्यात बी मिळतंय, मग गोंड्यांची राखण करत कोण बसणार? आत्याला कळवू म्हटलं. आज कळवू, उद्या कळवू करता करता पेरणी उलटून गेली. मग कुठल्या तोंडानं जायचं? लाज जसजशी जुनी होत गेली तसतसं तिचं घर लांब होत गेलं. लग्नकार्याचे निरोप आले, मी काहीतरी कारणं काढली.

आता दोन सालं दुकानाच्या बियानं दगा दिला. कांदे जोडाचे, मधून दुभंगलेले निघाले आणि दीड महिन्यात चाळीत पाणी सुटलं. त्या घाणीत उभा असताना मला आत्या आठवली. तिची आठवण येऊन मी निघालो नव्हतो, बियाची गरज पडली म्हणून निघालो होतो. हे आज सांगतानाही मला मान वर करवत नाही.

पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आत्या पडवीत बसली होती. पुढ्यात वाळल्या गोंड्यांचा ढीग आणि मांडीशी सूप. बोटं वाकडी झाली होती तरी चोळणं चालूच होतं. मी पायरीशी उभा राहिलो. माझी सावली सुपावर पडली तेव्हा तिनं वर बघितलं.

"भोपळ्या!" ती म्हणाली.

लहानपणी मी गोल होतो म्हणून तिनं ठेवलेलं हे नाव. आता माझ्या डोक्यावर केस नाहीत आणि मला नातू आहे. तरी त्या हाकेला मी ओ दिली.

"सहज आलो," मी म्हणालो. "म्हटलं, बघून यावं."

"बरं केलंस. बस, हात लाव. ढीग उरकत नाही माझ्यानं."

कसा आहेस, का आला नाहीस, काही विचारलं नाही. मी बसलो आणि गोंडे चोळायला लागलो. काळं बी बोटांतून सुपात पडत होतं. तेवढ्यात आतेभाऊ रानातून आला. ताडमाड उंच, म्हणून आम्ही त्याला खांब म्हणायचो. त्यानं मला बघितलं, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला.

"वाट चुकलास?"

"नाही रे, कामं असतात…"

"आम्हाला नसतात?" तो म्हणाला. "त्या सालचं सोड. गारांनी तुझं बी झोडपलं, त्याला तू काय करणार? आम्ही कुणी त्यावरून शब्द काढला नाही. पण नंतर तरी यायचंस. मामा गेले म्हणजे मामाचं घरही गेलं का?"

माझा हात थांबला. त्या साली आमच्याकडं गार पडली नव्हती. साधा शिंतोडाही नव्हता.

मी आत्याकडं बघितलं. तिनं मान खाली घालून चोळण्याचा वेग वाढवला होता.

"कसल्या गारा?" मी विचारलं.

"असं काय करतोस? तूच निरोप पाठवलास ना आईला? बी सगळं गारांनी गेलं म्हणून. वाफे तयार करून महिनाभर वाट बघितली होती आम्ही. रोज पाणी मारायचो, माती बसू नये म्हणून. मग आईनं बाटलीतलं जुनं मूठभर बी काढलं. उगवलं ते किती? मोजून चाळीस रोपं. त्यातून हिनं परत वाण उभा केला. तेव्हापासून दरसाल इथंच धरतो. तुझं निम्मं बाजूला ठेवते ती. दरसाल जुनं ओतून देते आणि तुझ्या डब्यात नवं भरते. मी म्हणायचो, कशाला? तर म्हणते, त्याच्यावर गारांनी वेळ आणली, येईल तेव्हा रिकामा जायला नको."

पडवीच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. गंजलेला, पण झाकण पुसलेलं.

माझ्या खिशातली पिशवी मला टोचायला लागली. गप्प बसलो असतो तर चहा पिऊन, डबा घेऊन, मानानं घरी आलो असतो. आत्यानं अकरा वर्षं माझी अब्रू झाकली होती, मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आणि तेच मला जमेना.

"गारा पडल्या नव्हत्या," मी म्हणालो.

"ऊन फार आहे," आत्या घाईनं म्हणाली. "याला पाणी दे आधी."

"निरोपही मी पाठवला नव्हता. बियाचे कांदे मी ट्रकात भरून दिले. आणि आजही मी बी न्यायलाच आलोय." मी पिशवी काढून सुपाजवळ ठेवली.

खांब उठला. मला वाटलं, आता हा माझं बखोट धरणार. तो माझ्याकडं बघतच नव्हता, आईकडं बघत होता.

"तू मला खोटं सांगितलंस?"

"मग काय सांगू?" आत्या कडाडली. "भाच्यानं विचारलं नाही म्हणून सांगू? तू तेव्हाच संबंध तोडून टाकला असतास. आणि तू रे भोपळ्या! अकरा वर्षं सांभाळून ठेवलेलं एका दमात सांडलंस. कुणी विचारलं होतं तुला?"

ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. मला दोन्ही हवं होतं. खांब तरातरा बाहेर निघून गेला.

संध्याकाळी गाडीच्या वेळी तो परत आला. फळीवरचा डबा काढला आणि सगळं बी माझ्या पिशवीत ओतलं. नाडी स्वतः आवळली.

"यातून कांदे आले की निवडून लाव. पुढची पाळी तुझी," तो म्हणाला. "आईनं ठरवलंय, मी नाही."

मी त्या बियाचे कांदे काढले, निवडले, परत लावले. पोटच्या पोरांची केली नसेल अशी राखण गोंड्यांची केली. बायको म्हणायची, आता अंथरूणही तिकडंच न्या. गोंडे भरले, काळं बी डोकावायला लागलं. चार दिवसांत तोडणार, तर एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि गारा आल्या. लिंबाएवढ्या. अर्ध्या तासात रानात उभं असं काही राहिलं नाही.

मी बांधावर बसलो. नुकसानीचं पुढं बघता येईल. पण आता तिकडं जाऊन काय सांगू? गारा पडल्या? जगात कुणीही सांगितलं तरी खरं वाटेल, फक्त मी सांगितलं तर नाही. माझी गार आत्यानं आधीच खर्चून टाकली होती.

"नका जाऊ आज," बायको म्हणाली. "चार दिवसांनी कळवा."

मागच्या वेळी असंच केलं होतं. चिखलातून मोडके गोंडे वेचले, ओले तसेच पिशवीत कोंबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरली.

खांब अंगणात होता. मी पिशवी उपडी केली.

"गारा पडल्या," मी म्हणालो. "खरंच पडल्या. हे बघ, फुटलेले देठ…"

त्यानं एक गोंडा उचलला, खाली टाकला. मग गोठ्याकडं वळला.

"चल," म्हणाला.

गोठ्याच्या मागं, वाटेवरून दिसणार नाही अशा जागी, कांद्याच्या तीन ओळी उभ्या होत्या. गोंडे हाताच्या मुठीएवढे, वाळत आलेले.

"तू येणार नाहीस असं धरून लावले होते," तो म्हणाला. त्याची मान खाली होती. "आईला सांगितलं नाही. तिनं मला झोडपलं असतं."

माझ्यावर त्यानं भरवसा ठेवला नाही म्हणून दोन घरांचा वाण वाचला होता. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याहून जास्त मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

आत्या काठी टेकत मागून आली होती. तिनं आधी ओळी बघितल्या, मग लेकाकडं, मग माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं.

"याच्या रानात गारा पडल्या, आई," खांब म्हणाला.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "नसत्या पडल्या तर हा कशाला आला असता? मागच्यासारखा घरात लपून बसला असता."

आणि मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू फुटलं. तिच्यामागून खांबाला. मला काही हसता आलं नाही. मी खाली बसलो आणि पहिला गोंडा तोडायला घेतला.