चार बोटं कमी

जुनी म्हणा, काळी म्हणा, पण भंगार म्हणायचं नाही. बोईसरच्या एमआयडीसीत वामनचा छोटा गाळा आहे, त्यातली मी मिलिंग मशीन. लोखंड कापायचं, सपाट करायचं, त्यात खाचा पाडायच्या, हा माझा जन्माचा धंदा. शाळा मी बघितली नाही. चाकांवर कोरलेले आकडे तेवढे माझे, पण त्यात मी कधी चुकले नाही.

मित्रांनो, मी पंजाबात घडले आणि ट्रकमधून इथे आले. वामन दातिवऱ्याचा. बापाची होडी भावांकडे सोडून तो लोखंडात आला. माझं टेबल माझ्या गुडघ्यावर, म्हणजे वरखाली होणाऱ्या आधारावर बसतं. चाक फिरवून गुडघा खाली घेतला की केवढाही उंच जॉब, म्हणजे कापायची वस्तू, माझ्यासमोर उभा राहतो. तारापूरच्या केमिकल कंपन्यांतून पंपाच्या बॉड्या यायच्या. ॲसिडनं खाल्लेल्या, पिवळ्या पडलेल्या, वास असा की कुत्रं लांबून वळावं. मी त्यांची तोंडं घासून पुन्हा सपाट करायची. त्याच कामावर वामनचं घर उभं राहिलं. "हिच्यासारखी दुसरी नाय," असं तो गिऱ्हाइकासमोर म्हणायचा. मी ऐकून घ्यायची. खरं बोलणाऱ्याला कशाला अडवा?

मग वामनचे हात थरथर कापायला लागले. चाक फिरवताना आकडा सुटायचा. त्याची मुलगी तेजल माझ्यावरच शिकली, पुढे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा कोर्स करून आली. एका कंपनीच्या उत्कर्षा मॅडमनी बारा बॉड्यांचं काम पहिल्यांदाच तेजलच्या नावावर दिलं. महिन्याच्या आत द्यायच्या. दिल्या तर वर्षभराचं काम, नाहीतर नाही. तेजलनं शब्द दिला आणि घरात ठरलं, सीएनसी घ्यायची.

कुठली घ्यायची, यावर आठ दिवस भांडण चाललं. वामनला मोठी हवी, तेजलला वेगाची. वामनची बायको हंसा पालघरच्या बाजारात मासळी विकून दुपारी डबा घेऊन यायची. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "पापलेटचं कल्लं उघडून बघितल्याबिगर घेतो का कोण? आपला जॉब घेऊन जा, त्यांच्या मशीनवर चढवा. मग काय ते बोला."

शहाणी बाई. पण जॉब निवडायची वेळ आली तेव्हा तिघंही घसरली.

तेजलनं कोपऱ्यातली एक बॉडी उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली.

"बाबा, ही घेऊन त्या एसीच्या हॉलात जायचं? लोक नाक दाबतील."

"मग ती लोखंडी प्लेट घे, परवा घासलेली," वामन म्हणाला.

"तीच बरी," हंसापण म्हणाली. "पोरगी दाखवायला निघाली तर आपण शेणाच्या हातानं पाठवतो काय?" आणि तिनं प्लेट पुसून स्वच्छ फडक्यात बांधली.

आता माझंही पाप सांगते. ती प्लेट मी घासली होती, आरशासारखी. माझी कारागिरी एसीत मिरवणार म्हणून मी फुगले.

वसईच्या शोरूममध्ये प्लेट सुरेख निघाली. विकणारा दिग्विजय म्हणाला, "बघा ताई, केवढी फास्ट!" तेजल हरखून परतली. मशीन ठरली.

तिला जागा करायची म्हणून मला साखळीनं ओढून बाहेर काढलं, भिंतीकडेच्या पत्र्याखाली. अंगावर एक फाटकी ताडपत्री. इथली हवा खारी, वर कंपन्यांचा धूर. पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर तांबडे डाग उठले. तीस वर्षं ज्याला रोज तेल लागलं, त्या अंगावर कुणी बोटभर तेलही फिरवलं नाही. वामन जाता-येता माझ्याकडे बघायचा नाही. बघितलं असतं तर तेल लावावं लागलं असतं ना!

नवी आली. पांढरी, दाराखिडक्यांची. हंसानं नारळ फोडला. दिग्विजयनं चालू करून दाखवली. तेजलनं वाइस बसवला, म्हणजे जॉब धरायचा शिकंजा. त्यात पंपाची बॉडी धरली, वर कटर लावला आणि थांबली. बॉडी आणि कटर एकमेकांत अडकत होते. नवीचं टेबल खाली उतरत नाही, तिला गुडघाच नाही. जागा चार बोटं कमी.

"ताई, तुम्ही प्लेट दाखवली होती," दिग्विजय म्हणाला. "उंच जॉबचं बोलला असता तर मशीनचा खांब उंच करून मागवला असता. आता नाही होत."

"तू विचारायचं नाय?" वामन ओरडला.

"त्याला काय बोलता?" हंसा म्हणाली. "फडक्यात आपणच बांधलं. मी बांधलं."

तेजल म्हणाली, "लाज मला वाटली. आपल्याच कामाची." आणि तिनं तिथूनच उत्कर्षा मॅडमना फोन लावला. कारण सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडून उत्तर आलं, "जेवढ्या देऊ शकता तेवढ्या द्या. बाकी मी दुसरीकडे देते."

मला आत ओढलं. वामननं रॉकेलनं माझा गंज घासला, हात कापत होते तरी घासला. पण गंजानं जे खाल्लं ते परत येत नाही. टेबल एका बाजूला अडखळायला लागलं. तेजल दर दोन फेऱ्यांनी माप घ्यायची, थांबायची, पुन्हा घ्यायची. जे काम मी हसत केलं असतं ते कण्हत केलं. पाच बॉड्या झाल्या. मॅडमनी पाचही घेतल्या. उरलेल्या सात उमरोळीच्या एका गाळ्यात गेल्या, आणि वर्षभराचं कामही त्यांच्या मागोमाग तिकडेच गेलं.

आता नवी मशीन दिवसाचे चार तास प्लेटा कापते. तेजल मोटारसायकलवरून कंपन्यांची दारं हिंडते, प्लेटांचं काम मागत. नवीला मी दोष देत नाही. तिला जे दाखवलं ते तिनं चोख केलं.

तेव्हा पोरांनो, जुन्याला तेल लावत जा, निदान नवं नीट चालेपर्यंत तरी. आणि उद्या मशीन घ्यायला जाल तेव्हा गाळ्यातला सगळ्यात घाण, सगळ्यात वेडावाकडा जॉब खांद्यावर घेऊन जा. शोरूमच्या चकचकीत टेबलावर धाडकन ठेवा. कुणी नाक दाबलं तर दाबू दे. तुमची चूल त्या वासावर पेटते.